माणिकबाई समोर बसत नसत

माणिकबाई गेल्या त्याला वर्ष झालं म्हणून आमच्या सेवा मंडळानं अमरावतीला सभा भरवली. हार घातलेला फोटो, उदबत्ती, सगळं यथासांग. एका वकीलसाहेबांनी भाषण केलं. माणिकबाई म्हणे शांतीची मूर्ती होत्या, सोशिक होत्या, त्यांचा आवाज कधी कोणी चढलेला ऐकला नाही. मी मागे सतरंजीवर बसले होते. माझं डोकं असं फिरलं की भाषण चालू असतानाच मी उठले, चपला घातल्या आणि टांगा करून स्टेशन गाठलं.

आवाज चढलेला ऐकला नाही म्हणे! अहो, इतवारा बाजारात त्या बाईनं एका अडत्याच्या डोक्यात वांग्याची टोपली घालायची तेवढी बाकी ठेवली होती. माणिकबाई तापट होत्या. माझ्याहून तापट होत्या, आणि मी कशी आहे ते माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींना विचारा. त्यांचं सगळं काम त्या रागातून निघालं. तो राग पुसून त्यांचा फोटो भिंतीवर टांगणाऱ्यांचा मला संताप येतो, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी जमुना. मंडळात येणाऱ्या बायांना अक्षरओळख करून देणं हे माझं काम. माझं अक्षर चांगलं म्हणून मंडळाचे कागदही मीच लिहायची.

माणिकबाईंचा जन्म भातकुलीजवळच्या एका माळ्याच्या घरचा. वडील शालिकराम विहिरीच्या पाण्यावर भाजी पिकवत आणि आई ती अमरावतीला नेऊन विकत असे. माणिकबाई कळत्या झाल्या त्या निंदणाच्या पातीतच. निंदण म्हणजे पिकातलं गवत खुरप्यानं काढणं. सात-आठ बाया एका रांगेत, आपापली पात म्हणजे ओळ धरून, उकिडव्या बसतात, हातानं गवत काढत पुढे सरकतात, आणि सगळ्यांची तोंडं मातीकडे असतात. त्या रांगेत बाया जे बोलतात ते घरात बोलत नाहीत, देवळातही बोलत नाहीत. नवऱ्यानं कशानं मारलं, सासूनं किती दिवस उपाशी ठेवलं, कोणतं मूल पोटातच गेलं. शेजारची बाई मान वर करत नाही. फार तर "हो ना व माय" म्हणते आणि खुरपं पुढे सरकवते. हे मला माणिकबाईंनी पुष्कळ पुढे सांगितलं. मी अकोल्यात शिकले-सवरलेली, मला खुरपं कोणत्या हातात धरतात तेही ठाऊक नव्हतं.

अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत त्यांचा नवरा गेला. त्या वीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी धाकट्या दिराशी पाट लावायचं ठरवलं. माळ्या-कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात काही वावगं नाही. पण हिला कोणी विचारलंच नाही. दिराच्या घरचं कुंकू-चोळीचं ताट दारात आलं तेव्हा हिला कळलं, आणि हिनं ते ताट उचलून अंगणात फेकलं. मग सासर तुटलं, माहेरानंही तोंड फिरवलं. माणिकबाई अमरावतीला आल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन दारोदार भाजी विकू लागल्या. मंडळाच्या स्वयंपाकघरात भाजी त्यांचीच यायची.

एकदा ओसरीवर एक बाई रडत होती. कमिटीच्या तीन बाया तिच्यासमोर खुर्च्या टाकून बसल्या होत्या आणि काय झालं, कधी झालं, कोणी केलं असं विचारत होत्या. तिच्या तोंडून शब्द फुटेना. माणिकबाईंनी टोपली उतरवली, त्या बाईच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या आणि मेथी निवडू लागल्या. जराशानं ती बाईही मेथी निवडू लागली. आणि बोलायला लागली. अध्यक्षबाईंनी हे पाहिलं आणि माणिकबाईंना सेविका म्हणून ठेवून घेतलं. इतकं पाहूनही त्यांना काय कळलं? माळीण चलाख आहे, एवढंच.

सत्ताविसाव्या वर्षी त्या माझ्यापाशी लिहा-वाचायला शिकल्या. पहिल्या दिवशी पाटी फोडली, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशांनी नवी आणली. वर्षभरात वर्तमानपत्र वाचू लागल्या, आणि मग मंडळानं त्यांना ते काम दिलं, ज्याचं नाव काढलं तरी मला अजून संताप येतो.

गावोगावच्या बाया वेड लागलं म्हणून आणल्या जात. दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटची सही झाली की बाई पागलखान्यात जायची. डॉक्टरांना वेळ नसे, म्हणून आधीची चौकशी मंडळ करी. त्याचा छापील कागद होता. नाव, वय, जात, गाव, लक्षणं कोणती, कधीपासून, आणि ही माहिती देणाऱ्याचं नाव. ती बाई स्वतः काय म्हणते यासाठी त्या कागदावर बोटभर जागा नव्हती. माणिकबाई नातेवाइकांना विचारायच्या आणि मी लिहायची. आम्हांला वाटायचं, आपण फार मोठं काम करतो आहोत. शासकीय शिक्का असलेला कागद लिहितो आहोत!

छत्तीस साली भातकुलीच्या बाजूचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिचं नाव दुर्गाबाई. घरातून पळते, रात्रंदिवस रडते, आणि पोरगा उपाशी आहे, मला घरी जाऊ द्या, असं म्हणते. माणिकबाईंनी विचारलं, पोरगा कुठे आहे? नवरा म्हणाला, आम्हांला लेकरूच नाही. त्याच्या भावानंही तेच सांगितलं, आईनंही तेच सांगितलं. दुर्गाबाई दाराशी बसून पदर चावत होती. माणिकबाईंनी सांगितलं आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: "मूल नसताना मूल आहे असे म्हणते." पंधरा दिवसांत ती पागलखान्यात गेली.

दोन वर्षांनी कौंडण्यपूरकडून पार्बताबाई नावाची म्हातारी पत्ता विचारत मंडळात आली. दुर्गाबाईची सासू. पण आम्ही पाहिलेली सासू ही नव्हती. ही पहिल्या नवऱ्याची आई. तो नवरा वारला, दुर्गाबाईचा पाट लागला, आणि रीतीप्रमाणे मुलगा बापाच्या घरी राहिला. पाच वर्षांचं लेकरू मागे ठेवून ती बाई दुसऱ्या घरी गेली होती. नव्या घरात तिचं ते लेकरू हिशेबात धरतच नव्हते, म्हणून त्यांनी लेकरू नाही असं सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खोटंही बोलले नाहीत. म्हातारी म्हणाली, नातू आठ वर्षांचा झाला, आईला मागतो, तिला चार दिवस पाठवा. दुर्गाबाई आदल्या पावसाळ्यातच तापानं वारली होती. पागलखान्याचं तसं पत्र आमच्याच कपाटात पडलं होतं.

पाट म्हणजे काय हे माणिकबाईंना माहीत नव्हतं का? स्वतःच्या दारातलं पाटाचं ताट फेकून आलेली बाई ती! तिच्याच जातीतली, तिच्याच मुलखातली दुर्गाबाई समोर बसली होती. "हा तुझा कितवा नवरा" एवढं विचारलं असतं तरी सगळं उलगडलं असतं. पण नातेवाईक शहाणे आणि बाई वेडी हे आम्ही आधीच धरून चाललो होतो. मी रडू लागले तेव्हा माणिकबाई माझ्यावर खेकसल्या. रडून मोकळी होऊ नको, म्हणाल्या.

त्याच पावली त्या अध्यक्षबाईंच्या बंगल्यावर गेल्या. अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला, फार वाईट झालं म्हणाल्या, पण सगळं कायदेशीर होतं, मंडळाचा काही दोष नाही. मग माणिकबाईंचा आवाज असा चढला की रस्त्यावरचे टांगे थांबले.

"कायदेशीर हाय म्हनूनच जीव जळते," त्या म्हणाल्या. "आपन तिले लिहून मारलं. मी सांगितलं आन जमुनानं लिहिलं. आजपासून दुसऱ्याच्या तोंडचं मी लिहीत नाही. जिचं दुःख हाय, थे सांगन. नाही सांगितलं तर कागद कोरा जाईन."

दोन महिन्यांत त्यांची अकोल्याच्या शाखेत बदली झाली. शिक्षाच होती ती. मोर्णेच्या काठी दोन खोल्या, गळकं छप्पर आणि मागे पडीक जमीन. मीही बदली मागून घेतली. माहेर अकोल्याचं म्हणून जाते असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण हे की त्या कागदावरचं अक्षर माझं होतं आणि मला अमरावतीत तोंड दाखवायची लाज वाटत होती.

अकोल्यात माणिकबाईंनी पहिल्यांदा ती पडीक जमीन नांगरून घेतली आणि मेथी, कांदे, वांगी लावली. आलेल्या बाईला त्या खोलीत बसवत नसत. तिच्या हातात खुरपं देत आणि स्वतः शेजारची पात धरत. समोर कधीच बसत नसत. काहून, कधी, कोणी, हे विचारत नसत. बाई बोलली तर तिचेच शेवटचे शब्द हळूच परत म्हणत, म्हणजे तिला कळावं की ऐकलं. नाही बोलली तर नाही. आठवडा गप्प गेला तरी त्यांचं खुरपं चालू असे. सल्ला देत नसत. मी एकदा एका पोरीला सासरी परत जा म्हणून समजावलं, तर माणिकबाईंनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. तिचं तिला माहीत असतं, तुला काय माहीत आहे, हे त्यांचं म्हणणं. कागद त्या लिहायला लावत, पण त्या बाईला वाचून दाखवल्याशिवाय आणि तिनं हो म्हटल्याशिवाय पाठवत नसत. पाच बायांचे कागद असे गेले, आणि त्यांतल्या तिघी घरी परत गेल्या.

सगळ्याच बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. दोघींना खरंच मोठा आजार होता, त्यांना पागलखान्यात जावंच लागलं. माणिकबाई त्यांच्याबरोबर स्वतः गेल्या आणि वर्षातून दोनदा भेटायला जात राहिल्या. शेचाळीस साली मुंबईहून समाजसेवा शिकलेला एक तरुण आला होता. सगळं पाहून तो थक्क झाला. म्हणाला, अमेरिकेत आता काही लोक असंच करतात, रोगी म्हणत नाहीत, अशील म्हणतात, आणि वाट त्यालाच दाखवू देतात. माणिकबाई म्हणाल्या, बरं झालं, त्यांनाही समजलं. आणि अशील वकिलाला कामाला लावतो, तेव्हा नावही बरोबर आहे. तो हसला. मी नाही हसले. दुर्गाबाई गेल्यावर नऊ वर्षांनी हे कौतुक ऐकून मला काय होणार होतं?

आता वच्छलाची गोष्ट सांगते, कारण सभेत ती कोणी सांगितली नाही. सांगतील कशी, तिचा सासरा मंडळाला वर्गणी देत होता.

त्रेचाळीस सालचा भाद्रपद. तेल्हाऱ्याचे महादेवराव, साठ एकर काळ्या जमिनीचे मालक, सुनेला बैलांच्या दमणीत घालून, पुढे मोटारीनं अकोल्याला घेऊन आले. बरोबर मुलगा रामराव. वच्छला बावीस वर्षांची होती. तिच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. माघात तिची पाच महिन्यांची मुलगी वारली होती. उन्हाळ्यात ती दोन महिने माहेरी गेली, आणि परत आल्यापासून वावरात जाऊन हातांनी माती उकरत होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चांगली वितभर वर आलेली, ती उपटून उकरत होती. देवऋषी झाला, दर्गा झाला, शेवटी तिला गोठ्यात दावणीला बांधली. एका डॉक्टरचा दाखला महादेवरावांनी आणलाच होता. त्यावर लिहिलं होतं: नदीवर पुरलेलं मूल शेतात आहे असं म्हणते. ते वाचताना मला माझंच अक्षर दिसलं. मूल नसताना मूल आहे असे म्हणते! तीच वाक्यरचना, नुसती जागा बदललेली.

दुसरा दाखला व्हायचा होता. मॅजिस्ट्रेटनं दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं. तशा बाईला तुरुंगात ठेवायची पद्धत होती, पण माणिकबाईंनी कचेरीत ठाण मांडून तिला शाखेत ठेवून घेतलं. दहाव्या दिवशी दुसरे डॉक्टर येणार आणि सही करणार. सही झाली की वच्छला जन्मभराची वेडी. म्हणजे आमच्या हातात दहा दिवस होते.

पहिले तीन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. माणिकबाईंनी तिला कांद्याच्या वाफ्यात नेलं आणि खुरपं दिलं. वच्छलानं खुरपं टाकलं आणि बोटांनी उकरायला लागली. हातभर कांदा उखडला. मी धावले तर माणिकबाईंनी ढेकूळ फेकून मला थांबवलं, खरंच फेकून, माझ्या पायाला लागलं. मग त्यांनीही खुरपं टाकलं आणि तिच्या बाजूला बसून तिच्यासारखंच उकरायला लागल्या. स्वतः लावलेला कांदा स्वतःच उपटत होत्या. चौथा दिवसही तसाच गेला. मला तर वाटलं, आता या दोघींचा दाखला काढावा लागणार.

पाचव्या दिवशी वच्छला थांबली आणि मातीकडे पाहून म्हणाली, "इथं नाही."

"इथं नाही," माणिकबाई म्हणाल्या.

"धुऱ्यावर होती."

"धुऱ्यावर."

माझ्या जिभेवर दहा प्रश्न आले. माणिकबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळले. मग त्या दुपारभर, उकरता उकरता, वच्छला बोलली. तिची मुलगी वारली तेव्हा रामराव कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला जिनिंगमध्ये आला होता. बाया पुरायला जात नाहीत, म्हणून सासरा एकटाच मुलीला घेऊन गेला. परत येऊन त्यानं सांगितलं, धुऱ्यावर बोरीच्या झाडापाशी ठेवली. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. वच्छला रोज भाकरी घेऊन वावरात जाताना त्या बोरीखाली घटकाभर बसायची. मग ती माहेरी गेली. तेवढ्यात सासऱ्यानं भावाचं शेजारचं वावर घेतलं, दोन वावरं एक केली, बोर तोडली, धुरा फोडला आणि त्यावरून नांगर फिरवला. ती परत आली तर बोरही नाही, धुराही नाही, नुसती सरळ काळी जमीन. तिनं विचारलं, माझी पोरगी कुठे आहे? सासरा म्हणाला, धुऱ्यावर कोण म्हणालं, तिला तर नदीवर पुरली. सासू म्हणाली, हो, नदीवरच. घरातला गडीही म्हणाला, नदीवर. रामराव त्या दिवशी नव्हताच, त्याला बापाचं खरं वाटलं. महिनाभर सगळं घर एकच बोलत होतं आणि ती एकटी वेगळं बोलत होती. एकाच्या पापावर झाकण घालायला सगळं घर तिला पागल करायला निघालं होतं, आणि कशासाठी, तर लेकराच्या अंगावरून नांगर फिरवला हे गावाला कळू नये म्हणून.

मी उठले. म्हटलं, आत्ता जाते आणि मॅजिस्ट्रेटला सांगते. माणिकबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग वच्छलाकडे न पाहता विचारलं, डॉक्टरांना कोण सांगणार, तू की मी?

वच्छलानं एक ढेकूळ हातानं फोडलं. मग म्हणाली, "मी सांगन. पन इथंच. हातात माती घेऊन."

त्या रात्री मी माणिकबाईंशी भांडले. ती सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर थिजली तर? तिच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुम्हांला तुमच्या रीतीचं पडलं आहे. माणिकबाई म्हणाल्या, मी बोलले तर आणखी एक बाई तिच्या वतीनं बोलली, एवढंच होईल. आतापर्यंत सगळे तिच्या वतीनंच बोलले आहेत. त्यांनाही झोप लागली नव्हती, हे मी पाहिलं होतं.

दहाव्या दिवशी डॉक्टर आले. महादेवराव फेटा बांधून, रामराव खाली मान घालून. डॉक्टर खोलीत खुर्चीवर बसले आणि बाईला आणा म्हणाले. माणिकबाई दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, नाडी पाहाले तुमी रोग्याच्या खाटेपाशी जाता ना? हिची खाट मांगं वाफ्यात हाय."

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण ते उठले. बूट चिखलात घालून वाफ्याच्या कडेला उभे राहिले. वच्छला उकिडवी बसली होती, माणिकबाई तिच्या बाजूला. वच्छलानं कोणाकडे पाहिलं नाही. मूठभर माती घेतली आणि सगळं सांगितलं, बोर, धुरा, नांगर, सगळं. आवाज दोनदा बसला. माणिकबाईंनी दोन्ही वेळा नुसतं खुरपं पुढे सरकवलं.

महादेवराव म्हणाले, ऐकलं साहेब, हेच ते वेड. मुलगी नदीवर आहे, सगळं गाव सांगेल.

तेव्हा वच्छला सासऱ्याकडे न पाहता म्हणाली, "मामाजी त्या दिवशी घरी आले तवा मीच पानी दिलं पाय धुवाले. पायाले काळी माती होती. घोट्यावरी होती. नदीवर रेती हाय."

रामरावनं मान वर केली. मला तो पोरगा बुळा वाटत होता. त्यानं बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "बा, कोनती माती होती?"

आता काय याद आहे, असं महादेवराव म्हणाले. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. म्हणाले, घरच्यांचं सांगणं खोटं निघालं तर मला दाखला देता येणार नाही, आणि खरं निघालं तर द्यावा लागेल. सोमवारपर्यंत पटवाऱ्याकडून लिहून आणा की शेतात काय आहे. माझा संताप झाला. हिनं एवढं सांगितल्यावरही हिचं खरं ठरायला पटवारी हवा होता! माणिकबाई मात्र म्हणाल्या, चला.

तेल्हाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो. वावरात पटवारी, रामराव, महादेवराव, वच्छला आणि आम्ही दोघी. कमरेएवढी पऱ्हाटी, बोंडं धरलेली, जिथवर नजर जाईल तिथवर. महादेवरावांनी हात जोडले, मला काही माहीत नाही म्हणाले, ज्याला शोधायचं त्यानं शोधावं. त्यांना ठाऊक होतं की एवढ्या वावरात कोणाला काही सापडणार नाही.

रामरावनं धोतर खोचलं आणि एका टोकापासून पऱ्हाटी उपटायला सुरुवात केली. अख्खं वावर खोदतो म्हणाला, साठ एकर लागले तर साठ. एक झाड, दुसरं झाड, मुळासकट, बोंडांसकट. एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, संपलं, दुसरं सुरू झालं. वच्छला त्याच्या बाजूला जाऊन उपटू लागली. महादेवराव आधी ओरडले, मग शिव्या दिल्या, मग पटवाऱ्याला मध्ये पडायला सांगितलं. पटवारी हलला नाही.

तिसऱ्या तासावर महादेवराव म्हणाले, "थांबा. तिथं नाही."

आणि ते चालू लागले. पऱ्हाटी दोन्ही हातांनी बाजूला सारत, कुठे न थांबता, कोणाला न विचारता, विहिरीच्या कोपऱ्याच्या सरळ रेषेत गेले आणि एका जागी उभे राहिले. पायानं दाखवलं. पायानं! रामरावनं तिथे हातानं माती काढली. कोपरभर खाली लेकराच्या लाल कुंचीचा तुकडा निघाला, वच्छलानं शिवलेला. पटवाऱ्यानं तिथेच उभ्यानं लिहून घेतलं आणि त्या कागदामुळे दुसरा दाखला निघालाच नाही.  माणिकबाईंच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या आणि त्या वच्छलाच्या बाजूला उभ्या होत्या, पुढे नाही.

वच्छलानं तो तुकडा पदरात घेतला. मग पहिल्यांदाच तिनं सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"म्हंजे मले दावनीले बांधलं, तवाबी तुमाले जागा ठाव होती."

 महादेवराव खाली वाकून एक उपटलेलं झाड परत मातीत रोवत होते.